रेडिओ नसलेली अमेरिकन गाडी

दुबई विमानतळाबाहेर मेहुणा मिलिंद न्यायला आला होता. करामा भागातलं त्याचं घर येईपर्यंत मी "उगाच त्रास दिला तुला" असं इतक्यांदा म्हणालो, की मागच्या सीटवरची भाची वैतागून म्हणाली, "काका, इट्स ओके!" मिलिंदची बायको शुभा सुरमई तळून वाट बघत होती. ती मला जेवलेलं ताटही उचलू देईना. मला आणखीच ओशाळं वाटलं.

मिलिंद त्याच्या अरबाबच्या (मालकाच्या) जुन्या अमेरिकन गाड्या सांभाळायचा. इतर हौशी लोक चकचकीत मॉडेलं जमवत. अरबाबला हवी असायची सगळ्यांत स्वस्तातली. एसी नाही, घड्याळ नाही, पायाखाली गालिच्याऐवजी नुसतं रबर. ऊन अडवायची झडपही फक्त ड्रायव्हरपुढे. शेजारच्याने खुशाल भाजावं. शुक्रवारी शारजात अशा गाड्यांचं प्रदर्शन होतं. नंबर आला तर मिलिंदचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार होतं, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळून परत.

आदल्या दिवशी मी गॅरेजमध्ये प्रदर्शनात न्यायची गाडी पाहिली. रेडिओच्या जागी पत्र्याची पट्टी. पुण्याच्या आमच्या गाडीतही तशीच होती. ती बघून मुलं हिरमुसायची. पाहुणचाराची थोडी फेड व्हावी म्हणून मी करामातून रेडिओ आणला आणि इलेक्ट्रिशियनकडून गुपचूप बसवला. काही टाकून द्यायची सवय नसल्यामुळे पट्टी रुमालात बांधून खिशात ठेवली.

शारजाच्या मैदानात मिलिंदने गाडीचं दार उघडलं आणि तो पांढराफटक पडला.

"दाजी, हे काय केलंत?"

"रेडिओ. तुला सरप्राइज."

"अहो, इथे काही नसण्यालाच बक्षीस आहे!"

तेवढ्यात अरबाब आला. आत बसून त्याने बटण फिरवलं. जुनं हिंदी गाणं लागलं. त्याने काचा वर केल्या आणि त्या भट्टीत डोळे मिटून मान डोलावू लागला. परीक्षक शेजारच्या गाडीशी पोहोचले, तेव्हा कुठे तो भानावर आला.

"यल्ला, निकालो!"

मिलिंद डॅशबोर्डखाली उताणा शिरला. मी स्क्रू हातात देत होतो आणि प्रत्येक स्क्रूबरोबर माफी मागत होतो.

"दाजी, सॉरी नंतर. आधी पट्टी द्या!"

परीक्षकांनी पट्टीवर कौतुकाने बोट फिरवलं. पहिला नंबर आला. साधेपणावर दोन शब्द बोलून अरबाब आपल्या नव्या, थंडगार गाडीत बसला. मग काच खाली करून म्हणाला, "मिलिंद, हबीबी, शाम को रेडिओ वापस लगाओ. सब गाडियों में. शो के दिन निकालना."

कॉन्ट्रॅक्ट वाढलं. काहीही नसण्याची हौस करायची, तर त्यासाठी पगारी माणूस ठेवावा लागतो, हे मला तिथे कळलं. निरोप देताना शुभा हसून म्हणाली, "दाजी, आता याचे सुट्टीचे शुक्रवार गेले हं!"

घरी आल्यावर बायकोने आधी भावाचं विचारलं. नोकरी पक्की झाली, एवढंच मी सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली आणि माझ्याही हातावर दिली. रेडिओचं मात्र काही न सांगता मी ती ओशाळून तोंडात टाकली.