भावाच्या वाट्याची सिगार

माझ्या मोठ्या भावाला तंबाखूची भारी पारख. पान नुसतं हुंगलं की कुठल्या बाजारचं ते सांगायचा. घरच्या संत्र्यांवरही त्याचा एवढा जीव नव्हता. त्या संत्र्यांवर खूश होऊन कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याने त्याला सिगार दिली होती. अॅल्युमिनियमच्या नळीत बंद, अंगठ्याएवढी जाड. लेकीच्या लग्नात ओढीन म्हणून या शहाण्याने ती कपाटात ठेवली. गालात तंबाखू-सुपारीचा तोबरा मात्र रोज चालूच.

लेकीला स्थळ यायच्या आधीच त्याचं तोंड मिटत गेलं. पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. आधी भाकर कुस्करून, मग नुसतं पातळ वरण. शेवटी तोंडात जेमतेम एक बोट शिरायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी गाठ दाखवली, ऑपरेशन सांगितलं आणि जीभ वाचणार नाही हेही सांगून टाकलं.

नागपूरला जायच्या आदल्या दुपारी मी पांढुर्ण्याहून सौंसरला त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर ती नळी घेऊनच बसला होता. सिगार ओठांशी नेली, दाबली, तिरपी करून पाहिली. शिरली नाही.

"चणे आले, तं दात गेले," असं म्हणून तो हसला आणि सिगार माझ्यापुढे धरली. "तू ओढ. कशी लागते ते सांग मले."

अडकित्त्याने टोक कापलं. मी बिडी ओढणारा. पहिलाच झुरका छातीत घेतला आणि खोकून बेजार झालो.

"गिळू नको गाढवा, तोंडात घोळव," तो दातांआडून म्हणाला. व्यापाऱ्याने त्याला सगळं समजावून ठेवलं होतं.

मी घोळवला. आधी जरा कडवट, मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखं खमंग काहीतरी, आणि मागाहून गुळाची गोडी. इतकं चांगलं मी जन्मात काही ओढलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला सुख झालं. डोळे आपोआप मिटले. समोर भाऊ बसलाय, त्याची जीभ जाणार आहे, हे मी विसरलो. माझा धूर तो नाकाने ओढून घेत होता, ते मला बऱ्याच वेळाने दिसलं.

बोटांना चटका बसला तेव्हा थोटूक टाकलं.

"सांग नं. कशी होती?"

मला लाज वाटली. त्याचा जीव तुटू नये म्हणून म्हणालो, "काही खास नाही, दादा. कडूच होती. तुयं काही गेलं नाही."

तो थोटकाकडे पाहत राहिला.

"कडू होती, तं थांबला काऊन नाही?"

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या बसमध्ये मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. तो खिडकीबाहेर पाहत राहिला, एक शब्द बोलला नाही. ऑपरेशननंतर तो दीड वर्ष जगला, काय हवं ते पाटीवर लिहून मागायचा. त्याच्या आवाजात मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते, ओसरीवरचं.