डाग उडतो कुठे

गल्लीत तिला सगळे डागकाकू म्हणत. अगदी तोंडावरसुद्धा. कुणी नवखं गिऱ्हाईक दारात घुटमळत "ड्रायक्लीनवाल्या बाई इथेच का?" असं विचारू लागलं, तर ती आतूनच ओरडायची, "बाईबिई कुणी नाही इथे, डागकाकू आहे. काय सांडलंय?"

रक्ताला गार पाणी, गंजाला लिंबू आणि बाकी सगळ्याला मशीनमधलं औषध. त्या द्रवाला दुकानात औषधच म्हणत. त्याचं लांबलचक नाव पिंपावर छापलेलं असे, पण ते वाचण्याच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. दिसायला पाणी, उचलायला पाण्याहून जड, आणि तळहातावर घेतलं तर फुंकर मारेपर्यंत नाहीसं. "उडतं ते," तिचा नवरा सांगायचा. डाग उडतो, औषध उडतं, मागे राहतो तो कोट. एवढंच त्या धंद्याचं शास्त्र.

वापरून मळलेलं औषध आणि मशीनच्या तळाचा काळा चिकट गाळ मागच्या अंगणात जाई. अंजिराच्या झाडाजवळ नवऱ्याने त्यासाठी खड्डा खणला होता. ओतायचं काम तिचं. ओतलं की माती क्षणभर ओली दिसे आणि बघता बघता कोरडी होई. "गेलं उडून," म्हणत ती बादली उपडी करून ठेवी. पिंपावर एक मेलेला मासा आणि एक वठलेलं झाड छापलेलं असे. तिने एकदा ते नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "आपल्या अंगणात मासे आहेत का? नाहीत ना? मग झालं तर!" ती पोट धरून हसली होती. पुढे अंजीर वठला, तेव्हा दोघांनी मिळून वाळवीला शिव्या घातल्या.

नवरा गेला, तरी दुकान तिने तसंच चालवलं. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत द्यायचे नाहीत, हा तिचा नियम. जुन्या कागदात गुंडाळून, दोरीने बांधून देणार. कुणी कुरकुर केलीच, तर "पिशवी उद्या गटारात तुंबली की मग बोलवा मला डाग काढायला," असं वर ऐकवणार. टीव्हीवर फेसाळलेल्या नद्या, वितळणारा बर्फ, मेलेले पक्षी दिसले की ती चुकचुकायची. "लोकांना जनाची नाही, मनाची तरी?"

अंगणाच्या भिंतीपलीकडे तिच्या नणंदेचं घर. वन्सं म्हणजे जिभेला हाड नसलेलं माणूस. पण त्यांचा अभिमान मात्र एकाच गोष्टीचा, त्यांच्या विहिरीचा. पाहुणा आला की चहाआधी पाणी. "पिऊन बघा. साखर घातलीय का विचाराल."

त्या आठवड्यात वन्संची लेक माहेरी आली होती. पोटुशी, सातवा लागलेला. डागकाकू तिला भेटायला गेली, तशी भाची पेला नाकाशी धरून हसतच म्हणाली, "आई, खरं सांगू? या पाण्याला मामीचा वास येतो."

"मामीचा?" वन्सं खो खो हसल्या. "मग पी. मामीसारखी गोड होशील. नाही तर तिच्यासारखी जाड!"

डागकाकूही हसली. हसत हसतच तिने पेला हातात घेतला. औषधाचा तोच गोडसर वास. तिच्या केसांना, उशीला, रात्री चेहऱ्यावरून फिरवलेल्या हाताला येणारा. वन्संना रोज थोडा थोडा येत गेला म्हणून कळला नव्हता. लेक बाहेरून आली म्हणून तिला कळला. आणि डागकाकूला तर तो झोपेतही ओळखता आला असता.

उडालं नव्हतं. वरवरचं तेवढं उडालं होतं. जड होतं ते खाली गेलं होतं.

खरं बोलायची वेळ तीच होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "वन्सं, विहिरीत मांजर पडलं असणार. पाणी उपसा. तोवर कुणी पिऊ नका."

वन्संनी दोन दिवस पंप लावून विहीर उपसली. माणूस उतरवला, गाळ काढला, जंतू मारायची पावडर टाकली. डागकाकू तेवढे दिवस आपल्या नळाच्या पाण्याच्या घागरी भिंतीवरून पोचवत राहिली. "कित्ती करते बाई वहिनी," वन्सं शेजारणीला सांगत होत्या, आणि ते भिंतीअलीकडे स्वच्छ ऐकू येत होतं. तिला वाटलं, यापेक्षा त्यांनी नेहमीसारखं टाकून बोलावं.

तिसऱ्या दिवशी हाक आली. "वहिनी, या! मांजर नाही न् बिंजर नाही. तुमच्या नाकातच काहीतरी मेलंय. बघा, कसं आरशासारखं पाणी आलंय!"

नव्या झऱ्याचा पहिला पेला वन्संनी लेकीच्या हातात दिला होता. पाण्याला तोच वास.

"ठेव तो खाली," डागकाकू म्हणाली.

"आता काय उंदीर पडला?"

ती परत गेली आणि दुकानातून एक चिंधी औषधात बुडवून घेऊन आली. पेला आणि चिंधी तिने वन्संपुढे ठेवली. "आधी हे हुंगा. मग ते."

वन्संनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"हे दादाने केलं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. मेलेल्या माणसाला काय, सगळंच सोसतं.

"खड्डा त्यांनी खणला," डागकाकू म्हणाली. "ओतत मी होते. ते गेल्यावरही. गेल्या महिन्यातसुद्धा."

"आणि माझ्या विहिरीत मांजर शोधायला लावलंत?" वन्संचा आवाज चढला नाही, खाली उतरला. "दोन दिवस घागरी पोचवत होतात. मी गल्लीभर तुमचे गोडवे गात होते."

भाचीने पेला ठेवला होता. दोन्ही हात पोटावर होते. "मामी, मी आल्यापासून हेच पितेय. काही होईल का गं?"

कुठलाही डाग पुढ्यात आला की तिच्याकडे उत्तर तयार असे. जाईल, नाही जाणार, फिका होईल. आता ती म्हणाली, "मला नाही माहीत गं. उद्या डॉक्टरकडे जाऊ. काय ओतलं ते मी स्वतः सांगेन त्यांना."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पिंपावरचं नाव लिहून घेतलं, तपासण्या सांगितल्या, आणि हे पाणी तोंडात घ्यायचं नाही म्हणाले. बाकी तेही काही छातीठोक सांगू शकले नाहीत.

विहिरीवर फळ्या पडल्या. गल्लीने विचारलं, तेव्हा वन्संनी सांगितलं, "मांजर पडलं होतं." घराण्याची अब्रू त्यांनी झाकली, आणि डागकाकूशी बोलणं सोडलं. शिव्या घातल्या असत्या तर ती सुटली असती. तिच्याच खोट्याचं पांघरूण तिच्या अंगावर घालून वन्संनी तिला बसवून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरची शिंपीण नवऱ्याचा कोट घेऊन आली. तिच्या अंगणात हातपंप होता, आणि अर्धी गल्ली त्यावर पाणी भरत असे.

"डागकाकू, हळदीचा डाग आहे. उडेल ना?" मग खाली वाकून, कुजबुजत, "आणि काय हो, मांजर म्हणे पार कुजलं होतं?"

मशीन बंद होतं. डागकाकूने कोट हातात घेतला, डाग उजेडात धरून पाहिला, आणि घडी करून तो तिला परत दिला.

"मांजर नव्हतं," ती म्हणाली. "बस. तुझ्या हातपंपाचं पाणी आधी तपासून घ्यावं लागेल. का ते सांगते."