दोन बोटांवर

दादाने चौतीस वर्षं गावच्या छत असलेल्या पोहण्याच्या तलावावर लोकांना पोहायला शिकवलं आणि सख्खी बहीण मात्र कोरडीच राहिली. चूक त्याची नव्हती. लहानपणी पाण्यात उतरले की मी त्याच्या गळ्याला जी मिठी मारायची, ती बाहेर येईपर्यंत सोडायची नाही. तेव्हापासून माझं नाव भित्री भागूबाई. माझी साठी उलटली तरी त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

त्याची शिकवण्याची पद्धत सोपी होती. माणसाला पाण्यावर उताणं झोपवायचं, मानेखाली दोन बोटं धरायची आणि छताकडे बघायला सांगायचं. "अंग सोड. वजन मला दे." प्रत्येक जण एकच म्हणायचा, "मास्तर, बोटं काढू नका." मास्तर म्हणायचे, "नाही काढत," आणि हळूच काढून घ्यायचे. माणूस तरंगत असायचा आणि त्याला पत्ताही नसायचा. साफ खोटारडा माणूस, पण त्याच्या थापांवर अर्धं गाव तरंगायला शिकलं.

गेल्या हिवाळ्यात त्याची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण शाबूत राहिलं. वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि माझं लग्न राहूनच गेलेलं, म्हणजे घरात आम्ही दोघंच. त्याचा पलंग मी खिडकीशी आणला. व्यायाम शिकवणारी मुलगी येऊन मला उचलायचं शिकवून गेली. गुडघ्यात वाकायचं, काखेखालून हात घालायचे, तीन आकडे मोजायचे आणि खुर्चीत वळवायचं.

मी शिकले. शिकला नाही तो. तीन म्हटलं की त्याचं अंग लाकूड व्हायचं आणि धडधाकट डावा हात माझ्या गळ्याभोवती आवळला जायचा.

"दादा, सोड. दोघंही पडू."

"सोडतोय ना."

कसला सोडतोय. एकदाचा खुर्चीत बसला की भिंतीकडे बघत म्हणायचा, "थँक्यू." सख्ख्या बहिणीला थँक्यू. त्या शब्दाचा मला इतका राग यायचा की हातातलं भांडं आदळावंसं वाटायचं. हाकही बदलली. भागूबाई गेली आणि "वेळ असेल तर जरा येतेस का" आलं.

मग त्याचे ओठ फुटायला लागले. दिवसभर ग्लानीत पडून राहायचा. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "यांच्या पोटात पाणीच जात नाहीये. असंच चाललं तर हॉस्पिटलात न्यावं लागेल. आणि तिथून ते घरी परत येतीलच, असं काही मी सांगू शकत नाही."

मला पटेना. दिवसाला सहा ग्लास मी त्याच्या हातात देत होते आणि सहाही रिकामे परत नेत होते.

उत्तर खिडकीतल्या कुंडीत होतं. कोरफड बुडाशी सडली होती. मातीत बोट घातलं तर नुसता चिखल.

"कोरफडीला कोण पाणी घालतंय?"

त्याने डाव्या हाताने चादर सारखी केली. मग म्हणाला, "प्यायलो की जावं लागतं. आणि जायचं म्हटलं की तुला बोलवावं लागतं."

ज्याने उभा जन्म पाण्यात काढला, तो मला हाक मारावी लागू नये म्हणून तहानलेला राहत होता. मला संताप आला आणि रडूही आलं. दोन्ही गिळून मी टब आणायला गेले, कारण त्या दुपारी त्याचं डोकं धुवायचं होतं.

त्याला आडवा करून डोकं पलंगाच्या कडेबाहेर घेतलं. खाली टब. मान माझ्या हातात टाकायची सोडून तो ती अधांतरी ताठ धरून होता. टबातल्या पाण्यावर ऊन पडलं होतं आणि त्याची जाळी छतावर हलत होती. पडद्याचा हिरवट उजेड, साबणाचा वास, लांबून कुठून तरी खेळणाऱ्या पोरांचा गलका. खोलीचा तलाव झाला. मी सात वर्षांची झाले, तो चौदाचा, आणि कोण कोणाला धरून आहे ते मला क्षणभर कळेना. माझी दोन बोटं आपसूक त्याच्या मानेखाली गेली, तो जिथे ठेवायचा नेमकी तिथेच.

"छताकडे बघ," मी म्हटलं. "अंग सोड. वजन मला दे."

"तुला स्वतःला तरंगता येतं का?"

"नाही. पण धरता येतं."

तो छताकडे बघत राहिला. हळूहळू खांदे खाली गेले, आवळलेली मूठ उघडली आणि मान जड होत होत माझ्या बोटांवर आली. इतक्या महिन्यांत त्याचं खरं वजन मला पहिल्यांदा कळलं. ते मला पेलत होतं.

"बोटं काढू नकोस," तो म्हणाला.

"नाही काढत."

त्याने डोळे वळवून माझ्याकडे बघितलं. या वाक्यानंतर काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? मी बोटं काढली नाहीत. पाणी गार झालं, उजेडाची जाळी छतावरून भिंतीवर उतरली, बोटांना मुंग्या आल्या. तरी काढली नाहीत. त्याच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात उतरत होतं. त्याने ते उतरू दिलं.

संध्याकाळी माझ्यादेखत तो दोन ग्लास पाणी प्यायला. तासाभराने मी भांडी घासत होते, तेव्हा हाक आली. तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायची, तशीच.

"भागूबाई, ये गं. उचल मला."