मावशींच्या घरावरचे झाप

हे मी आजवर कोणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसले तर काय होतंय माहीत आहे? आधी हसूच फुटतंय — आनंदाचं! तो दिवस आठवला की आजही माझ्या अंगात उत्साह संचारतो. लाज मागाहून येते. असं का होतं? मला नाही कळत. पण खरं सांगायचं ठरवलंय, तर तिथूनच सुरू करते.

चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या कामोठ्यात फारसं काही झालं नाही. चार झाडं पडली, सोसायटीच्या टाकीचं झाकण उडालं, ते शेजारच्या बिल्डिंगच्या आवारात सापडलं, त्यावर दोन दिवस गप्पा झाल्या. पण वरच्या मजल्यावरची रेश्मा रडत खाली आली. तिचं माहेर श्रीवर्धनकडे, समुद्राकाठी. वडील नाहीत, आई तिथे एकटी, आणि फोन लागत नव्हता. रेश्माला सातवा महिना, नवरा कामासाठी परगावी — ती जाणार कशी? मी म्हटलं, "रडू नकोस गं, आम्ही जातो."

झालं! मी एकदा पदर खोचला की मला कोण आवरणार? संध्याकाळपर्यंत लिफ्टसमोर हा ढीग — तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, बिस्किटं, साड्या. कोणीतरी चक्क इस्त्री आणून ठेवली, जिथे वीजच नाही तिथे! आमचे सेक्रेटरी मोरे भाऊजी — साताऱ्याचे, आवाज असा की माईक नको — त्यांनी तुर्भ्याहून निळ्या ताडपत्र्या आणल्या. टेम्पोला आमच्या महिला मंडळाचा बॅनर बांधला. गाडी लावण्यावरून वर्षभर अबोला धरलेल्या बायका मांडीला मांडी लावून पुड्या बांधत होत्या. आणि सगळ्या मलाच विचारत होत्या, काकू हे कुठे, काकू ते किती! मुलं मोठी झाली की घरात बाईला कोण काय विचारतं? किती वर्षांनी मला वाटलं, अरे, मी कोणाच्या तरी कामाची आहे. मी नुसती हवेत होते.

पहाटे निघालो. पनवेल मागे पडलं तशी गाणी सुरू झाली. पुढे आडव्या झालेल्या सुपारीच्या बागा दिसायला लागल्या तेव्हा सगळे गप्प झाले. मीही झाले. पण खरं सांगू? त्या गप्प होण्यातही एक थरार होता. आता आपली खरी गरज आहे — मनात एवढंच चाललं होतं.

आणि पोचलो तर काय? आमच्या आधी दुसरे टेम्पो येऊन गेलेले. देवळात धान्याची पोती रचलेली. घरांची कौलं उडाली होती, पण गावानं हातावर हात ठेवून वाट बघितली नव्हती. पडलेल्या माडांच्या झावळ्या विणून त्यांचे झाप केले होते, आणि ते एकावर एक बसवून घरं शाकारून घेतली होती. रेश्माच्या आईचं मातीच्या भिंतींचं घर तसंच — कौलं गेली, भिंती शाबूत, वर हिरवेगार झाप. मावशी दारात बसून मासळी साफ करत होत्या. रेश्माचं नाव सांगितलं तसा चेहरा फुलला. चहा ठेवायलाच उठल्या.

मला काय वाटायला हवं होतं? बाई सुखरूप आहे, डोक्यावर छप्पर आहे. आनंदच व्हायला हवा होता ना?

मला राग आला. म्हणजे आधी हिरमोड झाला आणि मग — हो, रागच. एवढ्या ताडपत्र्या आणल्या त्या लावायच्या कुठे? सोसायटीच्या ग्रुपवर सगळे डोळे लावून बसले होते. वाटेत रेंज होती तोवर एकच चाललं होतं — काकू, फोटो टाका. काकू, व्हिडिओ टाका. काय टाकणार होते मी? आम्ही चहा पितोय, त्याचा व्हिडिओ?

मग मी बोलले. दुसरं कोणी नाही — मी. मोरे भाऊजींना म्हटलं, हे झाप उतरवा. आधी उघडं घर घेऊ, मग ताडपत्री लावतानाचं घेऊ.

मावशी हात पुसत बाहेर आल्या. "ऱ्हाऊ दे गो बाय. बरा हाय."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हसले. "मावशी, पालापाचोळा तो. हे बघा, पक्कं काम करून देतो तुम्हाला!"

झाप ओढताना फाटले. मी मावशींना उघड्या घरात मधोमध उभं केलं आणि म्हटलं, वर बघा. त्यांनी बघितलं. नीट आलं नाही म्हणून पुन्हा बघायला लावलं. मग ताडपत्री चढली, टाळ्या वाजल्या, मागे टेम्पोच्या बॅनरवर मंडळाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. निघताना टेम्पोचं चाक चिखलात रुतलं. खाली घालायला काही हवं होतं, तर मीच ते झाप आणून दिले. चाक बाहेर आलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडले. माझ्या आयुष्यातला इतका आनंदाचा दिवस दुसरा आठवत नाही — हे लपवून काय करू?

घरी आले तर रेश्मा व्हिडिओ बघून माझ्या गळ्यातच पडली. "काकू, तुम्ही नसता तर?" आणि मी काय म्हटलं? "अगं, घरातून आभाळ दिसत होतं गं!" शब्द खरा होता. पण आभाळ दाखवलं होतं कोणी?

आम्ही ताडपत्री सपाट बांधली होती. उतार द्यायचं एकालाही सुचलं नाही. पाऊस लागला, पाणी साचलं आणि ती मधोमध फाटली. मावशी शेजारच्या घरी गेल्या म्हणून वाचल्या. मातीच्या भिंती पाणी पीत राहिल्या. आधी चुलीकडची बसली, मग दुसरी. जावई पोचला तोवर घर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. तो सासूला इकडे घेऊन आला.

तेव्हापासून मावशी माझ्या डोक्यावर राहतात — वरच्याच मजल्यावर. लिफ्टमध्ये भेटल्या की विचारतात, "जेवलीस का बाय?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी लिफ्टचं बटण उगाच पुन्हा पुन्हा दाबत राहिले. आता सांगतील, उद्या सांगतील, रेश्माला नक्की सांगतील. नाही सांगितलं.

सोसायटीच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि भिंतीवर तो व्हिडिओ. मावशी पहिल्या रांगेत, नातू मांडीवर. रेश्मा कौतुकानं सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आई, केवढं नुकसान केलं गं वाऱ्यानं! काकूंनी किती धडपड केली तरी घर नाहीच राहिलं."

मावशींनी व्हिडिओकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"वारा मोठा व्हता," त्या म्हणाल्या.

मी खांद्यावरची शाल सारखी केली आणि म्हटलं, "हो ना. फारच मोठा."

वारा तर आम्ही जायच्या आधीच पडला होता. वादळात ते घर टिकलं होतं. ते मी पाडलं.