माझ्या रजा व्हत्या?

"भाऊ, वाजला की हाक मारा बरं का. आधी हाक मारा, मग बघा कुणाचाय."

रोज सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना ती आपला मोबाईल माझ्या टेबलावर ठेवायची आणि हे वाक्य म्हणायची. आवाज पूर्ण वाढवलेला, काच वर, फोन माझ्या हजेरीच्या वहीला टेकवलेला. मग दोन पावलं जायची, परत यायची आणि आवाज खरंच वाढवलाय ना ते पुन्हा पाहायची.

मी नारायणगावच्या बाजूला एका पॅकहाऊसच्या गेटवर टाइमकीपर होतो. आमच्याकडून द्राक्षं परदेशात जायची, हंगाम संपला की भेंडी, मिरची, डाळिंब. आत मोबाईल न्यायला बंदी होती. सगळ्यांचे फोन गेटवर एका खोक्यात जमा व्हायचे आणि बदल्यात नंबरचा बिल्ला मिळायचा. तिचा फोन मात्र कधीच खोक्यात गेला नाही. "खोक्यात आवाज दबतो," म्हणायची.

तिचं नाव सांगत नाही. आमच्या भागातल्या कुठल्याही पॅकहाऊसच्या गेटवर सकाळी उभे राहिलात तर तुम्हाला तिच्यासारख्या दोन-चार तरी दिसतील. डोक्याला जाळीची टोपी, अंगात निळा कोट, आणि आत शिरण्याआधी मागे वळून वस्तीकडे एकदा बघून घेणाऱ्या.

तिचं सासर तळेघरच्या वरच्या अंगाला. नवरा पिकअप चालवायचा. घाटात गाडी उलटून तो गेला तेव्हा पोरगी दीड वर्षाची होती. पुढच्याच पावसाळ्यात पोरीला तापात पहिला झटका आला. एसटी नव्हती, गाडी मिळेना. ती पोरीला पाठीशी बांधून चालत निघाली. "झटका कवाच थांबला व्हता भाऊ," तिनं मला एकदा सांगितलं, "पण मला वाटत व्हतं, मी थांबले तर तो परत सुरू व्हईल." दवाखान्यात पोचल्यावर तिला छातीवरची गाठ सोडता येईना. नर्सबाईंनी ओढणी कापली.

म्हणून ती खाली आली. डॉक्टर जवळ असावा, एवढ्याचसाठी. पॅकहाऊसपासून चालत वीस मिनिटांवर खोली घेतली, पोरीला, आरोहीला, वस्तीवरच्या अंगणवाडीत घातलं. डॉक्टरांनी समजावलं होतं, की अशा पोरांना ताप चढला की झटका येतो आणि बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. पाच मिनिटांच्या वर गेला तर नाकात औषधाचा फवारा मारायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. सहा वर्षांची झाली की बहुतेक हे सगळं जाईल. आरोही तेव्हा चारची होती.

भेटेल त्याला ती हे शिकवायची. एकदा चहाच्या सुट्टीत वॉचमनचा स्वेटर गुंडाळून तिनं माझ्या टेबलावर निजवला आणि आम्हा दोघांची परीक्षाच घेतली.

"आता हिला झटका आला. काय करताल?"

"कांदा हुंगवायचा," वॉचमन म्हणाला.

"नापास! कांदा न्हाई, चप्पल न्हाई, तोंडात चमचा न्हाई. कुशीवर झोपवायचं, आन घड्याळ बघायचं. भाऊ, तुमी करून दाखवा."

मी पन्नाशी उलटलेला माणूस, त्या स्वेटराला अलगद कुशीवर वळवू लागलो. आतल्या बायका बाहेर येऊन हसायला लागल्या. तीही हसली, पण "मान अशी न्हाई, जरा खाली," म्हणत माझा हात धरून नीट करून घेतल्याशिवाय तिनं स्वेटर परत दिला नाही.

तिची भीती मलाही लागली. टेबलावर तो फोन असला की माझे कान टवकारलेले असायचे. कंपनीचे मेसेज, रिचार्जच्या जाहिराती, कसलाही टुणकन आवाज झाला की मी खुर्चीतून अर्धा उठायचो. मग मनात यायचं, आपल्याला एका टुणकन आवाजानं एवढं होतं, तर आत गारठ्यात उभी राहून कात्रीनं घडातले खराब मणी काढणाऱ्या त्या बाईचं काय होत असेल?

महिन्यातून एखादा दिवस सकाळी सातला माझाच फोन वाजायचा. "भाऊ, आज न्हाई येत. शंभर-दोन हाय." आवाज खालचा, शेजारी पोरगी निजलेली. मी "बरं" म्हणायचो आणि हजेरीत तिच्या नावापुढे खाडा मारायचो. वहीत रजेचा रकाना होता. तो कोराच ठेवायचा, असं मॅनेजरसाहेबांनी मला रुजू झालो त्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्याकडे रजा नसते, खाडा असतो. खाडे वाढले की एके दिवशी नाव कमी. वर्षानुवर्षं मी तो रकाना कोरा ठेवला. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, हे खरं सांगितलं पाहिजे.

साहेबही काही राक्षस नव्हते. माल वेळेत गेला नाही की त्यांना वरून फोन यायचे आणि ते घाम पुसत उभे राहायचे. "पोरं सगळ्यांनाच असतात," एवढंच त्यांचं म्हणणं. सगळ्यांच्या घरी पोराजवळ बसायला दुसरं कुणीतरी असतं, हिच्या घरी नाही, हे त्यांना कुणी कधी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट. कंटेनर दारात उभा होता, माल निम्माच भरला होता. साहेब गेटवर येऊन मला म्हणाले, "कंटेनर सुटेपर्यंत लाईनवरनं कुणाला उठवायचं नाही. उठवलंत तर तुम्ही पण घरी."

अकरा वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन वाजला. काचेवर अक्षरं आली, 'अंगणवाडी बाई'.

मी उठलो. आत जायच्या वाटेवर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा आहे, तिथपर्यंत गेलो. पडद्यापलीकडे साहेब उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं बोट हलवलं. नाही.

मी परत येऊन बसलो.

फोन बंद झाला. पुन्हा वाजला. तुम्ही म्हणाल, आत हाक मारता येत नव्हती तर फोन तरी उचलायचा. मीही स्वतःला हेच विचारत आलोय. उचलला असता तर ऐकावं लागलं असतं, आणि ऐकलं असतं तर उठावं लागलं असतं. मी आवाज कमी केला. मग फोन टेबलावर नुसता थरथरत राहिला, थोडा थोडा सरकत. नऊ वेळा. दहाव्यांदा वाजेल म्हणून मी वाट पाहत राहिलो आणि तो वाजला नाही.

साहेब कंटेनरकडे गेले तेव्हा बाराला दहा कमी होते. मी आत पळत गेलो. हाक मारायची गरज पडली नाही. तिनं माझं तोंड पाहिलं आणि हातातला घड खाली पडला. कात्री तशीच हातात, टोपी तशीच डोक्यावर, ती गेटमधून पळत गेली. फोन टेबलावरच राहिला. मी वॉचमनला मोटारसायकलवर तिच्या मागे पाठवलं.

झटका खूप वेळ चालला होता. अंगणवाडीच्या बाईंना फवारा कुठे आहे ते ठाऊक होतं, पण त्यांचे हात इतके कापत होते, की बाटलीचं झाकण निघेना. आईला विचारावं म्हणून त्या फोन करत राहिल्या. शेवटी शेजारच्या मळ्यातल्या एकानं पोरीला उचलून दवाखान्यात नेलं. आरोही वाचली. पण दोन दिवस तिचा डावा हात उचलत नव्हता. आईनं हातात बिस्कीट दिलं की ते गळून पडायचं. डॉक्टर म्हणाले होते, येईल ताकद. तिसऱ्या दिवशी आली. ते दोन दिवस तिनं कसे काढले, हे मला तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी ती गेटवर आली. वहीत तिच्या नावापुढे साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'न सांगता काम सोडून गेली'.

"भाऊ, आत जाऊ का?"

"नाव कमी झालंय, ताई," मी वहीकडे बघत म्हणालो.

ती भांडली नाही. वळून निघून गेली.

तिच्या वस्तीत बुद्धविहाराशेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांनी तिला कामगार अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून दिला. पुढच्या रविवारी दुपारी ती राजुरीला माझ्या घरी आली, आरोहीला घेऊन. मला वाटलं, आता ही शिव्या देणार. खरं तर मला त्या हव्या होत्या.

ओसरीवर बसून तिनं विचारलं, "भाऊ, फोन किती वाजता वाजला व्हता?"

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"मला म्हाईत हाय. फोनात सगळं दिसतं. अकरा-दहा." तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "मी तुमच्याशी भांडाया न्हाई आले. साहेब म्हणत्यात मी न सांगता गेले. तुमी बोलावलं म्हणून मी गेले, एवढं खरं तुमी तिथं येऊन सांगा. मला लई भ्या वाटतंय भाऊ, हापिसात. पन काम गेलं तर हितली खोली जाईल, आन खोली गेली तर डॉक्टर जाईल."

मी म्हणालो, "बघतो." असं म्हणणाऱ्या माणसाला काय करायचं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. ती गेल्यावर माझी बायको चहाचे कप उचलत म्हणाली, "बघताय काय? आपल्या पोरीचा फोन असता तर?"

मी गेलो. कामगार अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं होतं. साहेब तिथे आधीच येऊन बसले होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भिंतीला लागून उभी होती, दोन्ही हातांत कागदांची पिशवी. आरोहीला गुरुजींकडे ठेवून आली होती, आणि तिचे डोळे सारखे फोनकडे जात होते.

मी सगळं सांगितलं. अकरा-दहा, साहेबांचं बोट, नऊ फोन, मी कमी केलेला आवाज. हे शेवटचं सांगताना मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तिला ते माहीत नव्हतं.

अधिकारी मॅडमनी साहेबांना विचारलं, "वर्षाच्या वर सलग काम केलंय यांनी. काढण्याआधी लेखी नोटीस दिली? खुलासा मागितला?"

साहेब कागद चाळू लागले.

मग मॅडम तिच्याकडे वळल्या. "हे बघा, मुलाच्या आजारपणाची वेगळी रजा खासगी कारखान्यात मिळत नाही. मिळायला हवी, पण तसा कायदा नाही. पण तुमच्या स्वतःच्या भरपगारी रजा साठल्यात, त्या कुठे गेल्या? एकही घेतलेली दिसत नाही."

ती गोंधळली. मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझ्या रजा व्हत्या, भाऊ?"

"होत्या," मी म्हणालो.

"पहिल्यापासून?"

मी मान हलवली. ती खाली बसली. रडली नाही. बोटांवर काहीतरी मोजत राहिली. पोरीला ताप असताना, खाडे वाढू नयेत म्हणून, ती ज्या ज्या दिवशी जीव मुठीत धरून कामावर आली होती, ते दिवस असावेत.

तिला परत घेतलं. मुलाबद्दलचा फोन आला की लाईन चालू असली तरी निरोप आत द्यायचा, आणि अशा दिवसांचा खाडा नव्हे तर रजा धरायची, असं कागदावर लिहून सह्या झाल्या. तिनं एकच दुरुस्ती सुचवली, "फकस्त माझ्यासाठी नगा लिवू. ज्या एकल्या हायेत त्या समद्यांसाठी लिवा." आमच्याकडे तशा अजून पाच जणी होत्या. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी त्यांची रोज हजेरी घेत होतो.

माझी बदली मागच्या शेडवर झाली, क्रेट धुतात तिथे. तक्रार नाही. आवाज कमी केल्याबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही. पण बरेच महिने मला "भाऊ" म्हणाली नाही, नुसती मान हलवून जायची. दिवाळीनंतर एकदा शेडवर येऊन तिनं डबा उघडला आणि नाचणीची भाकरी पुढे केली. "सासूनं पाठवलीय. घ्या भाऊ." मी तोंड फिरवून खाल्ली.

त्यानंतर आरोहीला दोनदा ताप आला. दोन्ही वेळा निरोप पाच मिनिटांत आत गेला. झटका आला नाही. सहावं सरलं आणि डॉक्टर म्हणाले, आता फार धास्ती नको. त्याच उन्हाळ्यात तिला सासरच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून जागा मिळाली.

तिला सोडायला मी नारायणगावच्या स्टँडवर गेलो होतो. दोन बोचकी, एक बादली, एक शेगडी. एसटी यायला वेळ होता. आरोही फलाटावर एका कुत्र्याच्या मागे धावत सुटली आणि पाय अडकून तोंडावर आपटली. मोठ्यानं रडू लागली. मी पळणार तेवढ्यात तिनं मला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. उठंल ती."

आम्ही दोघं बघत उभे राहिलो. तिनं बादलीची कडी अशी आवळून धरली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ओठ हलत होते, आकडे मोजल्यासारखे. पोरगी आधी गुडघ्यावर आली, मग हाताचा रेटा देऊन उभी राहिली, फ्रॉक झटकला आणि पुन्हा कुत्र्यामागे गेली.

तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.