रद्दीतले शायर

रद्दीच्या ढिगातून एखादं पान उचलायचं, उन्हाकडं धरायचं, ओळींची उजवी कड बघायची आणि निकाल द्यायचा, "हा शायर हाय. बाजूला ठेवा." ही चाचांची परीक्षा. ओळी कडेपर्यंत गेल्या तर गद्य, मध्येच थांबल्या तर कविता. एम.ए.ला दोन वर्षं घालवून आम्ही याच्या फार पुढं गेलो असं मला वाटत नाही.

तेरखेड्याला फटाके होतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. फटाक्याची नळी वळायला कागद लागतो आणि तो रद्दीतून येतो. कुठल्या कुठल्या कॉलेजांनी काढून टाकलेली इंग्रजी पुस्तकं, गाईडं, जुन्या उत्तरपत्रिका असं सगळं ट्रकनं येऊन चाचांच्या पुढ्यात पडायचं. एका कारखान्याच्या शेडमध्ये ते ही रद्दी निवडायचे. मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. चाचांना अडलेलं विचारायला माणूस हवा होता, आणि इंग्रजीचा पगार घेणारा मीच जवळ होतो.

चाचा मॅट्रिकला दोनदा नापास, दोन्ही वेळा इंग्रजीतच. "तिनं मला दोनदा पाडलं, सर. म्हणून तर तिचा पिच्छा सोडला न्हाय." त्यांचा शब्दकोशही रद्दीतलाच होता, पण एमपासून पुढचा. त्यामुळं 'मून' त्यांना घरबसल्या सापडायचा, 'लव्ह'साठी मात्र सायकल काढून माझ्याकडं यावं लागायचं.

त्या थोर इंग्रजी कवींविषयी चाचा गल्लीतल्या शेजाऱ्यांसारखं बोलत. एक आंधळा शायर होता. तो महाकाव्य तोंडानं सांगायचा आणि मुली उतरवून घ्यायच्या. "पोरी जेवल्या कवा आसतील, सर?" एवढाच चाचांचा त्या महाकाव्यावर आक्षेप. दुसरा तळ्याकाठचा. त्याच्या बहिणीनं वहीत लिहिलेलं पुढं त्याच्या कवितेत यायचं. हे मी चाचांना सांगितलं ती चूकच झाली. त्यांनी जपून ठेवलेल्या त्याच्या प्रत्येक पानाखाली दुसऱ्या दिवशी पेन्सिलनं लिहिलेलं होतं, "बहिणीच्या मदतीनं." एका बाईचं मात्र त्यांना फार कौतुक. ती घराबाहेर पडत नसे आणि कविता पेटीत ठेवून गेली. "पेटीत ऱ्हायल्या म्हणून वाचल्या," चाचा म्हणत. "बाहेर आसत्या तर इथं आल्या आसत्या, नळ्या वळायला."

एकदा त्यांना एका तरुण शायराच्या चरित्राची मधलीच वीसेक पानं सापडली. पोरगा गरीब, शेजारच्या मुलीशी लग्न ठरलेलं, आणि छातीचा आजार. उबदार हवेसाठी त्याला इटलीला पाठवतात. जहाज सुटतं आणि पान संपतं. पुढची पानं शेडमधल्या बायकांनी वळून टाकली होती, आणि ती त्यांच्याकडं चाचांच्याच हातून गेली होती. अपराध्यासारखे ते माझ्या दारात उभे राहिले.

"सर, ह्यो वाचला का? माझा धाकटा भाऊ ह्याच खोकल्यात गेला. ह्यानं तरी वाचावं."

हा कवी पंचविशीत गेला, हे मी बावीस वर्षं मुलांना सांगत आलो आहे. परीक्षेत येतं. पण मी चाचांचं तोंड बघितलं.

"वाचला," मी म्हणालो. "तिकडची हवा मानवली त्याला."

"लगीन?"

"झालं."

"पोरंबाळं?"

"दोन मुली." एकदा खोटं बोलायला बसल्यावर कंजूषपणा कशाला करायचा?

दुसऱ्या दिवशी चाचांनी शेडमध्ये जिलबी वाटली. नळ्या वळणाऱ्या एका बाईनं मला बाजारात गाठून विचारलं, "सासूशी पटलं का वो तिचं?" मी पटलं म्हणून सांगितलं.

दोन वर्षं तो संसार सुखाचा चालला. मग एका गाईडच्या पानानं घात केला. त्यात त्या पोराचं सगळं आयुष्य मरणासकट पाच ओळींत उरकलं होतं. चाचांनी ते पान माझ्यापुढं ठेवलं. मी मान खाली घातली. त्यांनी चहा प्याला आणि जाताना म्हणाले, "तुमच्याबी पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं दिसतंय, सर." माझी लाज राखायला ते असं बोलले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात चाचा आजारी पडले. धाराशिवला दवाखान्यात ठेवलं. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून मुलगा मला डॉक्टरांकडं घेऊन गेला. बाहेर आल्यावर त्यानं माझे हात धरले, "अब्बांना सांगू नका, सर." मी शब्द दिला. आम्ही दोघंही हसरे चेहरे करून खाटेजवळ गेलो. चाचांनी मुलाला चहा आणायला पाठवलं.

"काय म्हणले डॉक्टर?"

मी त्यांची उशी सारखी करू लागलो.

"घरचं कुणी खरं सांगंना. तुम्ही सांगा. त्या पोरावानी माझं लगीन लावू नगा."

मी सांगितलं. महिना, फार तर दीड. मुलाला दिलेला शब्द मोडला, याचं मला आजही वाईट वाटतं, आणि तरी मी पुन्हा तेच करीन. चाचांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "त्याला पंचवीस मिळाली. मला एकोणसत्तर. कुठल्या तोंडानं तक्रार करू? आता मला घरी न्यायला सांगा."

चाचांना जाऊन आता वर्ष होत आलं. शेडमधली रद्दी हल्ली कुणी न वाचताच वळायला जाते. मला त्यांचे घरचे शेवटचे दिवस आठवतात. शाळा सुटली की मी जायचो आणि ते त्या पोराचीच एक कविता मोठ्यानं वाचायला लावायचे. इतकी वर्षं ती मी मार्कांसाठी वाचली होती, संदर्भासह स्पष्टीकरणासाठी. एका संध्याकाळी दुसऱ्याच कडव्यात माझा आवाज कापायला लागला, आणि लवकर संपवावी म्हणून मी भराभर वाचू लागलो. चाचांनी पांघरुणातून हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"सावकाश वाचा, सर," ते म्हणाले. "मला घाई न्हाय."