कच्ची पिन

माझे धाकटे दीर आयुष्यभर खड्ड्यात गेलेल्या गाड्या बाहेर काढत आले. त्यांच्या जुन्या जीपच्या पुढच्या बाजूला विंच होता. म्हणजे तारेचा दोर गुंडाळलेलं लोखंडी रीळ. इंजिनाच्या जोरावर ते फिरायचं आणि समोरचा ट्रक ओढला जायचा. रस्त्यावरचे सगळे त्यांना ओढूभाऊ म्हणत. बायको गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले आणि जीप माझ्या न्हाणीघरामागे गंजत पडली.

त्यांच्या जावयाचं गॅरेज आहे. यंदा तो म्हणाला, विंच चालू करा आणि आमचा भरलेला ट्रक उतारावरून वर ओढून दाखवा. जमलं तर जीप कामावर घेतो, तुम्हालाही घेतो. नाहीतर जीप भंगारात. घरी बसून कुजलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं होतं? ते दुसऱ्याच दिवशी पाने-पक्कड घेऊन बसले.

विंच त्यांनी उघडला तो माझ्या कपडे धुवायच्या ओट्यावर. झाकण निघालं आणि असा वास सुटला की मी पदर नाकाला लावला. पाणी शिरून आतल्या तेलाची राखाडी साय झाली होती, बोट घातलं की तार धरणारी. रिळाच्या पोकळीत उंदरांनी संसार मांडला होता. चिंध्या, लेंड्या आणि एक वाळून चपटं झालेलं पिल्लू. दीरांनी ते चिमटीत धरून बाजूला ठेवलं आणि त्याच हाताने चहाचा कप उचलला.

“वहिनी, नाकं काय मुरडता? आतलं पितळी चाक बघा. एक दात झिजलेला नाही.”

“आधी स्वतःची कवळी घासा,” मी म्हटलं.

पुढे कित्येक दिवस घरभर रॉकेलचा दर्प होता. सुटे भाग बादलीत भिजत होते, दाराच्या कड्यांना ग्रीस लागलं होतं. त्यांनी गंज खरवडला, सील बदलले, नवं तेल भरलं. इंजिनाकडून येणारा दांडा विंचला एका पिनेने जोडलेला असतो. ती मुद्दाम कच्च्या लोखंडाची करतात. ओझं झेपेनासं झालं की आधी ती तुटते आणि बाकीचं वाचतं. पिन तुटण्यात लाज नाही, ओझं कमी करा आणि नवी घाला, हे दीर हाताखालच्या प्रत्येकाला बजावत. एकाने तिथे पक्का बोल्ट ठोकला, तर त्याला त्यांनी त्याच दिवशी हाकललं होतं.

गॅरेजमागच्या उतारावर सगळे जमले. मीही गेले. दोर ताणला गेला आणि पिन तुटली.

“बाबा, याला पण कवळी बसवायची का?” जावई म्हणाला. सगळे खिदळले. दीरही हसले आणि नवी पिन घालायला बंपरखाली वाकले.

दुसऱ्या खेपेला ट्रक अर्धा उतार चढला. मग कडकन आवाज झाला, विंचचं कवच फुटलं, तेल मातीत सांडलं आणि ट्रक मागे घसरला. चाकाला लाकडी ठोकळा लावायला मागे उभा असलेला मेकॅनिक कसाबसा बाजूला झाला. चप्पल चाकाखाली गेली. तो भिंतीशी बसून ओकला.

जुनं ओतीव लोखंड, कधीतरी फुटणारच, असं म्हणत जावयाने दीरांची समजूत काढली. मी इलेक्ट्रिक विंच आणतोय, त्यावर तुम्हीच बसा, असंही म्हणाला.

घरी आल्यावर दीर जेवले नाहीत. मी ताट उचलायला गेले तेव्हा म्हणाले, “पिनच्या जागी मी पक्का बोल्ट घातला होता. परत तुटली असती तर परत हसले असते.”

मला त्यांची शिसारी आली आणि मी ती लपवली नाही. “त्या माणसाचे पाय गेले असते,” मी म्हटलं, “आणि तुम्ही लोखंडाला दोष देऊ दिलात.”

सकाळी आम्ही दोघं गॅरेजात गेलो. त्यांनी आधी मेकॅनिकला सांगितलं. तो बाजूला थुंकून कामाला लागला. जावई मात्र कितीतरी वेळ हात पुसत राहिला.

“बाबा, मग नव्या विंचवर मी तुम्हाला नाही बसवू शकत.”

“बसवू नकोस,” दीर म्हणाले. जीपची चावी त्यांनी तिथेच खिळ्याला अडकवली.

आम्ही पायीच परतलो. त्यांच्या कपड्यांना अजून तेलाचा वास येत होता. मी थोडं अंतर ठेवूनच चालले.